मावशींचं पाठांतर

वॉर्डातल्या आया मावशी नातीच्या पुस्तकातून शरीराचे इंग्रजी शब्द पाठ करायच्या. फरशी पुसताना ‘लिव्हर, किडनी, ॲब्डोमेन’ चालूच. सिस्टर खो खो हसायच्या, “मावशी, या वयात डॉक्टर व्हायचंय की काय?”

आज राउंडला मोठे डॉक्टर ऑपरेशन झालेल्या बाईंपाशी थांबले आणि नेहमीसारखं पेशंटदेखत ज्युनिअरशी इंग्रजीत बोलले, “गॉज लेफ्ट इन द ॲब्डोमेन. टेल हर इन्फेक्शन.” मग गोड हसून बाईंकडे वळले, “किरकोळ इन्फेक्शन आहे, पुन्हा उघडून साफ करू. इथे सही करा.”

बाईंनी पेन हातात घेतलं.

मावशींनी फडकं बादलीत आपटलं. “थांबा ताई! यांचं गॉज, ते पट्टीचं कापड, तुमच्या पोटात राहिलंय. तसं यांच्याकडून लिहून घ्या, मगच सही करा.”