विचारायचं काम कुणाचं

थर्मामीटर कुणाच्या रकान्यात घालायचा, इथंच सावित्री सिस्टरचं गाडं अडलं होतं. कागदावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे ‘फक्त सिस्टर’, उजवीकडे ‘आयाही चालेल’. बारा वाजेपर्यंत यादी मेट्रनबाईंच्या टेबलावर हवी होती, कार्बन घालून तीन प्रतींत. गेल्या महिन्यात शेजारच्या वॉर्डात एका आयानं आपल्या मनानं सलाइनची सुई काढली आणि पेशंटचा हात दुधीभोपळ्याएवढा सुजला. तेव्हापासून ही टूम निघाली. सावित्रीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून यादी तिच्या गळ्यात पडली. कराडहून बदली होऊन रत्नागिरीत तिला पुरते चार महिनेही झाले नव्हते.

थर्मामीटर लावायला काय, कुणीही लावेल. पण वाचायचा कुणी? वॉर्डातल्या आया येसूबाई, त्यांना आकडा कळत नव्हता. पण कपाळाला उलटा हात लावून त्या एकशेदोन म्हणाल्या, की पारा निमूटपणे तिथंच जाऊन थांबायचा. आता हे काम कुणाचं म्हणायचं? सावित्रीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कागद पार चिवडून टाकला. शेवटी एकाच गोष्टीची तिला खात्री वाटली आणि ती तिनं डावीकडे सगळ्यात वर लिहिली : पेशंटला विचारणं. दुखतं कुठं, औषध कुठलं चालू आहे, काय खाल्लंय. तिथं चूक झाली तर माणूसच जायचा. ते काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

त्याला कारणही त्याच सकाळी घडलं होतं. येसूबाईंना खोड अशी, की खाटेशी उभ्या राहिल्या की चौकशा सुरू. गाव कंचा, पोरं किती, घोव मुंबईत कुठल्या गिरणीत. पाच नंबरच्या खाटेवर हौसा होती, हातखंब्याच्या पलीकडची. पोटात गाठ, अकरा वाजता ऑपरेशन. सावित्री तिचा कागद भरायला गेली, तर येसूबाई आधीच उशाशी ठाण मांडून बसलेल्या. हौसा सिस्टरकडे बघेचना, सगळी उत्तरं येसूबाईंनाच. यादीपायी सावित्रीचं डोकं आधीच पिकलं होतं.

“येसूबाई, पेशंटला विचारायचं काम माझं आहे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “आजपासून तुम्ही एकही प्रश्न विचारायचा नाही.”

वीस वर्षं झाली होती बाईंना त्या वॉर्डात. सावित्री त्यांच्या मुलीच्या वयाची. पण त्या उठल्या आणि आपल्या कामाला लागल्या. सावित्रीलाच मग कसंसं झालं. तरी तिनं रीतसर विचारलं. रात्रीपासून काही खाल्लंय का? चहा? पाणी? हौसानं मानेनंच नाही म्हटलं, शेजारी बसलेल्या तिच्या सासूनंही. सावित्रीनं ‘उपाशी’ असं लिहून खाली सही ठोकली.

अकराला पाच मिनिटं असताना ट्रॉली निघाली. येसूबाई ढकलत होत्या, सासू दांडा धरून सोबत चालली होती, सावित्री कागद घेऊन पुढं होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचल्यावर तिनं मागं पाहिलं, तर ट्रॉली चार हात अलीकडेच थांबलेली. येसूबाईंनी चाकाला पाय लावून ती अडवून धरली होती. त्यांचा चेहरा पडला होता.

“सांगू का नको, तेच कळत नाय सिस्टर. हिच्या पोटात पेज हाय. सकाळची.”

सावित्रीला क्षणभर काही उमजेना. तिनं स्वतः विचारलं होतं, सही केली होती. तिनं हौसाकडे पाहिलं, तर हौसा तिच्याहून गोंधळलेली. सासूनं मात्र सरळ सांगून टाकलं. सकाळी दोन वाट्या पेज दिली होती, त्यात एवढं काय? उठल्यावर तोंड धुवायचं, तशी पेज घ्यायची. तिला का कुणी खाणं म्हणतं? पोरीनं बाकी काही म्हणून तोंडात घातलं नव्हतं, अगदी शपथेवर.

सावित्रीनं हातातला कागद पुन्हा पाहिला. भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं उलटून श्वासनळीत जातं आणि माणूस टेबलावरच गुदमरतो. हे तिला परीक्षेत आलं होतं, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. पेज तेवढी कुणी शिकवली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि उपाशी या शब्दावर बोट ठेवून सही कुणाची म्हणून विचारलं. सावित्रीनं चूक कबूल केली. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण लपवायचं काही नाही असं तिनं ठरवलं. मी विचारूनही मला कळलं नाही, येसूबाईंनी विचारलं म्हणून ही बाई वाचली, असं तिनं स्पष्ट सांगितलं. यादीतली ती वरची ओळ उचलून उजवीकडे न्यायची, हेही तिनं तिथल्या तिथं मनाशी पक्कं केलं.

येसूबाई मात्र घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. नोकरी जाते की काय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी डॉक्टरांपुढं हातच जोडले.

“नाय सायेब, मी कायएक विचारलं नाय. सिस्टरनी सांगितल्यापासून तोंड शिवून ठेवलंय. म्हातारीचे गुडघे धरलेत, नळाशी बसवत नाय तिला, म्हणून मी नुसता ह्या पोरीचा पेजेचा डबा घासून दिला.”