हरण्याचा फोटो

"मोशीकर सोपानरावांचा गाडा जुंपून घ्या!" बैलगाडा शर्यतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. "हरण्याची शेवटची बारी, मंडळी! पुन्हा ह्या घाटात न्हाई दिसायचा!"

सोपानरावांनी खिशातून बॅटरी काढून कॅमेऱ्यात बसवली. कॅमेरा त्यांच्या बायकोचा, शालनबाईंचा. आत घड्याळापुरता एक छोटा सेल असतो, तो कधीचाच गेलेला. बॅटरी आत ठेवली तर रात्रीत उतरायची, बाहेर काढली तर कॅमेरा तारीख विसरायचा. आता बॅटरीही थकलेली, दोन-चार मिनिटांची धनी.

"माझ्या मोबाईलवर काढते की, आबा," सून पूनम म्हणाली.

"न्हाई. तिच्याच कॅमेऱ्यात पायजे."

हरण्या बैलाला शालनबाईंनी हातानं दूध पाजून वाढवलेलं. निशाणावरून जाताना त्याचा एक फोटो भिंतीवर लावायचा, एवढीच त्यांची हौस. ती राहिली, आणि माघात त्या गेल्या.

कॅमेरा सुरू झाला. पडद्यावर तारीख मागणारी चौकट आली.

"आबा, आधी तारीख भरा! महिना, मग वर्ष..."

"भिर्रर्र!"

गाडा सुटला. पुढं घोडी, मागं बैल, आणि दोन्ही अंगांनी माणसं उभी राहून आरडायला लागली. सोपानरावांनी चष्मा कपाळावर सारला आणि बोटाखाली आलं ते बटण दाबलं. चौकट गेली. हरण्या समोर आला. त्यांनी खटका दाबला.

धूळ बसेपर्यंत पूनमनं पडद्यावर पदर धरला. दोघांनी वाकून पाहिलं. हरण्याचे पुढचे दोन्ही पाय अधांतरी, शेपूट वर, आणि शिंगांच्या मागं लाल निशाण.

"आबा, सापडला!" पूनमनं उडीच मारली. मग हसत म्हणाली, "पण तारीख बघा. एक जानेवारी दोन हजार आठ! आईंनी आधी तारीख नीट केली असती."

"केलीच असती. दर साली करायची," सोपानराव म्हणाले. "आल्बम काढून बघ घरी. तारीख बरोबर, आन् फोटोत नुसता धुरळा."

भोंगा हरण्याचं नाव घेत होता. लोक फेटे उडवत होते. चारचौघांत कधी बायकोचं नाव न घेतलेल्या सोपानरावांनी कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले,

"शालन, घावला गं!"