त्याच चौकातून

छातीत दुखणाऱ्या एका काकांना सकाळी अँब्युलन्समधून नेत होतो, तर चौकात अडकलो. सायरन बोंबलत होता, मी खिडकीतून हात जोडत होतो, पण कोणी इंचभर बाजूला सरकेल तर शपथ! उलट एक स्कूटरवाला आडवा घुसला. मागे काकू काकांचे तळहात चोळत बसल्या होत्या. बारा मिनिटं तिथेच गेली.

दुपारी हॉस्पिटलने शववाहिनीची किल्ली माझ्याच हातात दिली. मागे तेच काका, शेजारी त्याच काकू आणि पुढे तोच चौक. मी साधा हॉर्नसुद्धा वाजवला नाही, तरी चारही बाजूंच्या गाड्या आपणहून थांबल्या. एका स्कूटरवाल्याने तर हेल्मेट काढलं.

काकूंनी विचारलं, “सकाळी कुठे होती हो ही माणसं?”



“इथेच होती, काकू.”