तेरडा काढला त्या दिवशी

गोपीचंदने वाळलेल्या तेरड्याचं झाड मुळासकट उपटलं आणि बायकोकडे न बघताच विचारलं, "आईनं माह्यासाठी दुसरी पोरगी पाहून ठेवली म्हणे?"

"आसगावची आहे," चंद्रकांता म्हणाली. "आज तिचा बाप येऊन राहिला. मीच हो म्हटलं. चार वर्सं झाली लग्नाले. आखीन किती वाट पाहाची?"

शहापूरला हायवेलगतच्या सरकारी बंगल्यात गोपीचंद माळी होता. कोजागिरी होऊन गेली होती. सकाळी गवतावर दव पडू लागलं होतं. तेरडा संपला होता, दसऱ्याचा झेंडू काळा पडला होता, शेवंतीला मात्र कळ्या धरत होत्या. दर वर्षी या दिवसांत दोघं मिळून वाफे मोकळे करत आणि डेलियाची रोपं लावत. दर सोमवारी चंद्रकांता इथलीच फुलं महादेवाला वाहायची. मूल व्हावं म्हणून उपास करायची.

गोपीचंदने खुरपं खाली ठेवलं.

"दोष तुह्यात नाही," तो म्हणाला. "शहात्तर साली तू माहेरी गेली होती. तवा इथं नसबंदीचं शिबिर लागलं. साहेबाले वरून दिलेल्या आकड्यात एक माणूस कमी पडला. म्हणे, टेबलावर झोप, नाहीतर नोकरी सोड. नियमात बसावं म्हणून कागदावर मले दोन पोरं लिहिली."

चंद्रकांता मातीत हात तसेच ठेवून बसली.

"आत्याबाईले माहीत आहे?" तिने सासूबद्दल विचारलं.

"कोणालेच नाही. कोणत्या तोंडानं सांगू?"

"तीन वर्सं मले उपास करू देले," ती म्हणाली. "अन् ती पोरगी आली असती, तर तिलेही कराले लावले असते?"

ती उठली, हात न धुताच घराकडे निघाली. आज आईला सगळं सांगायचंच, असं ठरवून तो मागे चालत राहिला.

घरी आसगावचा पाहुणा, मुलीचा बाप, येऊन बसला होता. गोपीचंदची आई गिरजाबाई त्याला पोराच्या सरकारी नोकरीबद्दल सांगत होती. चंद्रकांताने डोक्यावर पदर घेतला.

"आत्याबाई, दोष माह्यातच आहे," ती म्हणाली. "पण या घरात मी दुसरी येऊ देणार नाही. पाव्हण्याहिले चहा पाजा अन् वापस धाडा."

"वांझोटी मेली!" गिरजाबाई पाहुण्यादेखत ओरडली. "माह्या पोराचा वंश बुडवते!"

गोपीचंद दारातच उभा होता. आईला काही न सांगताच तो वळला आणि बंगल्याच्या बागेकडे निघाला.