बेचाळीस मिनिटं

“बेचाळीस मिनिटं! दहा प्रश्नांना एवढा वेळ लागतो?” संस्थेच्या प्रमुख बाईंनी कागद टेबलावर आपटला.

काटेवाला खुर्चीत बसला नाही. पस्तीस वर्षं त्यानं दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले होते, म्हणून सगळे त्याला काटेवालाच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. मग झोप उडाली. घास गिळेना. एका दुकानातला चांगला चालणारा काटा त्यानं दुरुस्त करता करता बिघडवून ठेवला, तेव्हा मुलीनं त्याला दवाखान्यात नेलं. दवाखान्यानं त्याचं नाव या संस्थेला कळवलं. जोडीदार गेलेल्या माणसाला नैराश्य कसं गाठतं आणि ते आधीच कसं थोपवता येईल, याचा अभ्यास इथे चालला होता.

प्रश्न विचारणारी बाई भिंतीला टेकून उभी होती. तिशीची असेल. दर मंगळवारी दहा वाजता तीच त्याला फोन करायची. आज त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

“आम्ही माणसांचे दोन गट केलेत,” प्रमुख म्हणाल्या. “एका गटाशी समुपदेशक बोलतात. दुसऱ्या गटाला फक्त कागदावरचे दहा प्रश्न. धीर द्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. उत्तर आलं की ‘नोंद केली’ म्हणायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. तुम्ही दुसऱ्या गटातले.”

“म्हणजे एकाला औषध, दुसऱ्याला रिकामी बाटली.”

“तसं करावंच लागतं. नाहीतर औषधाचा गुण कळणार कसा?” प्रमुखांनी चष्मा काढला. “पण तुम्ही बरे होत चाललात. सातव्या मंगळवारपासून तुमच्या नैराश्याचा आकडा सारखा खाली येतोय. झोपता, जेवता, कामावर जाता. आणि त्याच मंगळवारी फोन बेचाळीस मिनिटं चालला. ही कागद सोडून एक वाक्य जरी बोलली असेल, तर हिची नोकरी आजच संपली. आम्ही बोलणं रेकॉर्ड करत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

काटेवाला वळला. त्यानं त्या बाईला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“ही? ही धीर देणार? अहो मॅडम, दगडाला पाझर फुटेल, हिला नाही फुटायचा. बायको गेली त्या दिवसाचं मी सांगायला लागलो, तर म्हणते, ‘नोंद केली. भूक लागते का?’ असली माणसं कुठून गोळा करता? काळीज नसलेली पाहिजेत, अशी जाहिरात देता काय?”

बाईचे कान लाल झाले.

“मग बेचाळीस मिनिटं काय चाललं होतं?”

“शिव्या घालत होतो. हिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्हालाही घातल्या. नाव माहीत नव्हतं, म्हणून हुद्द्यावरून घातल्या. समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, असा तुमचाच नियम ना? ही बसली ऐकत. मी दम खायला थांबलो, तर विचारते, ‘चौथा प्रश्न घेऊ का?’”

“आणि मग झोप कशी लागायला लागली?”

“पोटातली मळमळ बाहेर पडली की झोप लागते. एवढ्यासाठी संशोधन कशाला पाहिजे?” त्यानं टेबलावर दोन्ही हात टेकले. “तुम्ही माणसाचं दुःख मोजता. मोजा. पण मी वजन टाकण्याआधी काटा शून्यावर आणतो. तुमचं शून्य कुठे आहे, मॅडम? एकतीस वर्षं संसार केलेली बायको गेली की माणूस किती खाली जातो, ते पाहिलंत कधी?”

“आवाज खाली.”

“नाही करत! आणि पुढच्या वेळी ही बाई नको मला. जरा माणसात असलेली द्या.”

प्रमुखांनी फाइल ओढली आणि लिहिलं : सहभागी व्यक्ती रागीट. नियमभंग आढळला नाही.

“बाई बदलणार नाही,” त्या म्हणाल्या. “इतकं नियमानं काम करणारी दुसरी नाही माझ्याकडे. सही करा.”

त्यानं पेन इतकं दाबलं की कागद फाटला. निरोपही न घेता तो बाहेर पडला.

तो अर्धा जिना उतरला, तेवढ्यात मागून चपला वाजल्या.

“काका, थांबा.” ती धापा टाकत होती. “खोटं का बोललात? तुम्ही एकही शिवी दिली नव्हतीत.”

“मग काय सांगायला पाहिजे होतं?”

“खरं. त्या दिवशी सकाळी आईनं मला ओळखलं नाही. तू कोण म्हणाली. दुसऱ्या प्रश्नालाच मला रडू फुटलं. सगळा वेळ मीच बोलत होते. आईचं, घरचं, नाही नाही ते सांगितलं. तुम्ही नुसते हं हं करत होतात.” तिनं डोळे पुसले. “आधीच तुमच्या डोक्यावर एवढं ओझं. त्यात मी माझं टाकलं. आणि त्या दिवसापासून तुम्ही बरे कसे व्हायला लागलात, तेच मला कळत नाही.”

काटेवाल्यानं जिन्याचा कठडा धरला.

“ती गेल्यापासून सगळे मला नुसते विचारत होते, पोरी. मला काही सांगितलंस ती तू एकटीच.”