गुडघ्यातली गादी

हणमंतप्पा कागदावर सही करेना. नर्स दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा त्यानं चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं. चष्मा खिशातच होता.

उद्या सकाळी त्याच्या भुवनेश्वरीचं ऑपरेशन. पंचवीस वर्षांची पोर. एके काळी खो-खोच्या मैदानात तिला हात लावणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आता चार पायऱ्या चढायच्या तर कठडा धरते. सतराव्या वर्षी सामन्यात गुडघा पिरगळला, आतली गादी फाटली. सोलापूरच्या याच दवाखान्यात ती काढून टाकली, आणि सहा आठवड्यांत पोर परत मैदानात उतरली. कप आला. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मात्र आली नाही, आणि बिनगादीचा पाय वर्षागणिक वाकत गेला.

आता म्हणे नवी गादी बसवायची, आणि त्याच वेळी नडगीचं हाड कापून पाय सरळ करायचा. हणमंतप्पाला इथंच पाणी मुरतंय असं वाटत होतं. दुखतंय गुडघ्यात आणि कापणार नडगी! धडक्या हाडाला हत्यार कशाला लावायचं? आणि हे सगळं शोधून काढलं कुणी, तर ज्ञानोबा सरांनी. भुवनेश्वरीला खो-खो शिकवणारे सर.

सरांच्या कपापायी माझ्या पोरीचा पाय गेला, हे हणमंतप्पा आठ वर्षं अख्ख्या अणदूर गावात सांगत आला होता. पारावर सांगितलं, खंडोबाच्या देवळात सांगितलं, पाव्हण्यारावळ्यांत सांगितलं. पोरीलाही सांगितलं, आणि तिनं सरांशी बोलणंच टाकलं. तरी हा माणूस चार महिने तिच्या आईकडून रिपोर्ट मागून नेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवत होता. कुणाला फुकट एवढा पुळका येतो व्हय? पोरगी उभी करायची आणि परत मैदानात घालायची, दुसरं काय! आत्ताही सर बाहेर बाकावर बसून होते. हणमंतप्पानं नजर रोखली की मान खाली घालत होते. चोराच्या मनात चांदणं, तो मनाशी म्हणाला.

शेवटी तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. पोरीला मैदानात कधी उतरवणार, सरांनी तुमच्याकडून कुठली तारीख घेतलीय, असं त्यानं तोंडावरच विचारलं. बाई गोंधळल्या. खो-खो आता कायमचा बंद, हे त्यांनी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नीट चालता आलं तरी पुरे, एवढंच सर म्हणाले होते. मग बाईंनी त्याला समजावलं, की पाय वाकल्यानं सगळा भार गुडघ्याच्या एकाच बाजूला पडतो. पाय सरळ न करता नवी गादी घातली तर तीही चेंगरून जाईल.

हे त्याला पटलं. पण आठ वर्षांचा राग असा जातो होय? मग पहिली गादी काढलीच कशाला, बघा की तुमच्या कागदात, तो म्हणाला. बाईंनी जुनी फाइल उघडली.

"ती शिवता आली असती, काका. पण टाके घातले तर सहा महिने खेळ बंद. सोबतचे शिक्षक टाकेच घाला म्हणत होते. इथं लिहिलंय, स्पर्धा जवळ आली म्हणून वडिलांनी काढायला सांगितली."

त्यांनी फाइल त्याच्यापुढं सरकवली. सही कानडीत होती. हणमंतप्पाची शाळा सीमेपलीकडं, आजोळी झालेली. घरात कानडीत सही करणारा तो एकटाच. नोकरी हातची जाईल, सहा महिने कशाला घालवायचे, हे शब्द त्याचेच होते. तो ते कधी विसरलाच नव्हता; कागदात तेही लिहून ठेवलं असेल, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. नुसतं वरून सरांचं नाव थापत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाहेर येऊन तो सरांसमोर उभा राहिला. "तुम्ही कधी बोलला न्हाय."

सर जमिनीकडंच बघत राहिले. "पोर सतरा वर्षांची होती, हणमंतप्पा. तिला राग धरायला कुणीतरी पाहिजेच होतं. माझ्यापासून ती लांब राहू शकत होती. तुमच्यापासून लांब कुठं गेली असती?"

हणमंतप्पा पोरीच्या खाटेजवळ गेला. त्याला पाहताच ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, सर गेले का? ते गेल्याशिवाय सही करू नका. त्यांच्या मनात काय असतं, कळत न्हाय."

आपलाच संशय तो तिच्या तोंडून ऐकत होता. सही केली तर पाय सरळ होईल, पण खरं सांगितलं तर पोर आपली राहील का, ही भीती छातीत बसली. त्यानं कागदावर सही केली आणि तिचा हात धरला.

"न्हाय गेले. मी त्यांना आत बोलावतोय," तो म्हणाला. "अन् भुवना, तुझी गादी काढायला मी सांगितलं होतं."