लेखातली बाई

जळकोटच्या वनमालाबाईंच्या पत्राला सिद्धेश्वर सरांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसले नाहीत असं नाही. बसायचे, मायना लिहायचे, आणि पुढं काही सुचेना की कागद फाडायचे. पत्र साधंच होतं. ‘तुमच्या लेखातली वनमाला म्हणजे मीच, असं माझे भाऊ धरून बसलेत. मी तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही. पंचमीला यंदा मला न्यायला कुणी आलं नाही. भाऊ म्हणतात, तू नव्हेस तर मग ती कोण? त्या मास्तराला नाव सांगू दे.’

नाव तर सांगता येत नव्हतं. लेख होता हक्कसोडपत्रांवर. बापाच्या रानातला आपला हिस्सा बहिणी भावांना लिहून देतात, ती पत्रं. कायदा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांची रीत अशी, की बोलणाऱ्या माणसाचं नाव-गाव बदलून लिहायचं. सरांनी सोनारीच्या जगदेवीला शब्द दिला, तिचं नाव वनमाला केलं आणि गाव उचलून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळकोटला नेऊन ठेवलं. तिथं खरीच एक वनमाला असेल, तिनंही भावांना सही दिलेली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. लेखाचा तुकडा वर्तमानपत्रात छापून आला आणि जळकोटच्या हॉटेलात मोठ्यानं वाचला गेला.

आता मैथिलीचा फोन आला होता. ती अभ्यासकांच्या परिषदेची चिटणीस. पुढच्या महिन्यात सोलापुरात परिषद भरणार होती, तिथं सरांचा सत्कार ठरला होता आणि तोच लेख नव्या पुस्तकात पहिला लागणार होता. सरांना आपल्या प्रत्येक ओळीबद्दल आयुष्यभर शंका वाटत आलेली. या एका लेखाबद्दल ती वाटत नव्हती, कारण त्यात जे काही चांगलं होतं ते जगदेवीचं होतं. तिनं परवानगी दिली तर पुस्तकात तिचं खरं नाव घालता येईल आणि वनमालाबाई सुटतील, असा विचार करून ते सोनारीला जायच्या एसटीत बसले.

जगदेवी गच्चीवर कुरडया वाळत घालून काठी घेऊन राखणीला बसली होती. देवळाकडची माकडं कठड्यावर टपलेली. जिना चढून आलेल्या सरांना धाप लागलेली बघून तिनं बसायला पोतं सरकवलं.

“या गुरुजी. मागल्या बारीला मशीन लावून बोलणं नेलंत. आता काय न्यायला आलाव? कुरडया सोडून काय बी न्या.”

सर कसंनुसं हसले. मग मान खाली घालून त्यांनी पत्राबद्दल सगळं सांगितलं. जगदेवीनं मध्ये मध्ये विचारलं, त्या बाईला भाऊ किती, आई हाय का, लेकरं कुणाची किती. न्यायला खरंच कुणी येत नाही का, हे तिनं दोनदा विचारलं. मग न विचारताच स्वतःचं सांगू लागली. तिचा थोरला भाऊ बजरंग दर पंचमीला जीप घेऊन स्वतः येतो. मागच्या साली पाय प्लास्टरात होता तरी आला, खाली गाडीतच बसून राहिला, पण आला.

हे ऐकल्यावर विचारणं अवघड होतं. तरी सरांनी तिचं खरं नाव छापण्याबद्दल विचारलं.

काठी थांबली. एक माकड पुढं आलं आणि कुरडई उचलून निवांत निघून गेलं. तिनं त्याला हाकललं नाही.

“रान गेलं ते गेलं, गुरुजी. पंचमीचं म्हायेर तेवढं राहिलंय माझ्याकडं. माझं मोडून तिचं उभं करताव व्हय?”

सर नाही म्हणाले. तसं करणार नाही, असं पुन्हा एकदा म्हणाले. उठायचं होतं, पण उठवेना.

“म्या काय बोलले हुते त्यात?” तिनं विचारलं. “भाऊ बिथरावं असं?”

सरांना ते पाठ होतं. “दरसाल एक लुगडं देत्यात. माझं रान त्या लुगड्यात बांधून नेलं त्यांनी.”

जगदेवीनं ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं.

“म्या म्हणले व्हय असं? चांगलं म्हणले की.” आणि जरा वेळानं, खालच्या गल्लीत कुणी नाही हे बघून, “खरं बी हाय.”

परंड्याच्या बसस्टँडवर धाराशिवची गाडी लागायला अवकाश होता. सरांनी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दोन पत्रं लिहिली. मैथिलीला लिहिलं की लेख पुस्तकातून काढावा, सत्कारही नको, आपण तो प्रामाणिकपणे लिहिलेला नाही, त्यातलं बोलणं रचलेलं आहे. एवढं वाचल्यावर त्यांच्या बाकी लिखाणाकडंही कुणी ढुंकून बघणार नव्हतं. अभ्यासकाला याहून मोठा डाग नसतो, हे ते स्वतःच वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते.

दुसरं पत्र वनमालाबाईंना. ‘हे भावांना दाखवा. माझ्या लेखातली बाई खरी नाही. ती मी घरी बसून रचली. नावही सुचेल ते दिलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागतो.’

गाडी लागली. सरांनी टपालपेटीशी जाऊन आधी मैथिलीचं पाकीट टाकलं. दुसरं अर्धं आत गेलं, पण हात मागं येईना. अजून एक वाक्य राहिलं होतं. त्याशिवाय भावांची खात्री पटली नसती. त्यांनी पाकीट बाहेर काढून उघडलं, पेटीवरच कागद धरून ते वाक्य लिहिलं, आणि मग पाकीट आत सोडलं.

‘असं कुठलीही बाई माझ्याशी कधी बोलली नाही.’